तीन नळ्या, चौदा वर्षांची शुगर: स्टेंट की बायपास?

रुग्ण पुरुष, वय ६१, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मधुमेह चौदा वर्षांपासून, रक्तदाब त्यानंतर काही वर्षांनी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बरीच वर्षं चालू होतं, मागच्या वर्षापासून त्यात डापाग्लिफ्लोझिनची भर पडली. तंबाखू तरुणपणापासून. सिगारेट नाही, दारू क्वचित. घरी आणि गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

नानांच्या छातीत कधीच दुखलं नाही. ते आले ते पित्ताची तक्रार घेऊन. जेवणानंतर गळ्याशी दाटल्यासारखं होतं, ढेकर आली की बरं वाटतं, अशी त्यांची कहाणी. दोन महिने मेडिकलमधून सिरप आणून घेत होते. खरी माहिती नानींनी दिली. विहिरीपासून वरच्या प्लॉटपर्यंतच्या चढाला नाना हल्ली मधेच थांबतात. "विचारलं तर म्हणतात फोन वाजला. फोन तर घरी चार्जिंगला असतो."

मधुमेहात हृदयाकडून दुखण्याची खबर आणणाऱ्या मज्जातंतूंवरच परिणाम झालेला असू शकतो. मग रक्तपुरवठा अपुरा पडला, तरी छातीत कळ येत नाही. दम लागतो, घाम येतो, थकवा येतो, किंवा नानांसारखं ‘पित्त’ होतं. पंधरा वर्षं शुगर असलेला माणूस चढावर थांबायला लागला, तर पित्ताची गोळी लिहायच्या आधी ईसीजी काढावा, हा माझा साधा नियम आहे. नानांच्या ईसीजीत समोरच्या भिंतीच्या लीड्समध्ये टी-लहरी उलट्या होत्या. टू-डी इकोमध्ये हृदयाचा मागचा-खालचा भाग नीट आकुंचन पावत नव्हता, पंपिंग ४५ टक्के. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.२. क्रिएटिनीन १.२, म्हणजे किडनी थोडी दमलेली पण चालणारी. अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल सुरू करून त्यांना अँजिओग्राफीसाठी पाठवलं.

कॅथलॅबच्या दारातला प्रश्न

अँजिओग्राफी नाशिकमधल्या एका खाजगी रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये झाली, मनगटातून. वीसेक मिनिटांत डॉक्टर बाहेर आले आणि थोरल्या मुलाला म्हणाले, "तीन नळ्यांमध्ये ब्लॉकेज आहेत. दोन आत्ता करून टाकू, तिसरी पूर्ण बंद आहे, ती नंतर बघू. पेशंट टेबलावरच आहे, करायचं का?"

थोरला सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट बदलून आला होता. हातात फॉर्म, शेजारी धाकटा, समोर नानी. त्याने मला फोन लावला. मी दोनच गोष्टी विचारल्या. आत्ता छातीत दुखतंय का? बीपी स्थिर आहे का? दुखत नव्हतं, बीपी चांगलं होतं. मी म्हटलं, आज टेबलावरून खाली घ्या, अँजिओग्राफीची सीडी घ्या आणि उद्या या.

माझं मत इथेच सांगून टाकतो. स्थिर रुग्ण, मधुमेह आणि एकापेक्षा जास्त नळ्यांचा आजार, असं तिन्ही एकत्र असेल तर स्टेंट (अरुंद नळीत बसवायची जाळीची स्प्रिंग) की बायपास हा निर्णय कॅथलॅबच्या दारात होऊ नये. दहा मिनिटांत नातेवाईक एकच गोष्ट तोलतात: छाती फाडायची की नाही? आणि त्या प्रश्नाला ‘नाही’ याखेरीज दुसरं उत्तर कोणी देईल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. खरा प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा असतो, आणि तो त्या दारात कोणी मांडत नाही. यात केवळ डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. "एकदाच काय ते उरकून टाका, पुन्हा अ‍ॅडमिशन नको," असा आग्रह घरचेच धरतात, हेही मी कित्येकदा पाहिलं आहे. दुसऱ्यांदा मनगट टोचण्याचा, दुसऱ्यांदा डाय (नळ्या दिसाव्यात म्हणून सोडायचं रसायन) देण्याचा आणि दुसऱ्या बिलाचा त्रास खराच असतो. पण तो पुढच्या दहा वर्षांसमोर किरकोळ आहे.

टेबलावरून खाली घेण्याचा आणखी एक फायदा नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. स्टेंट टाकायचा म्हटलं की क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा मोठा डोस दिला जातो. तो पोटात गेला आणि नंतर बायपास ठरलं, तर रक्तस्रावाच्या भीतीने काही दिवस थांबावं लागतं. क्लोपिडोग्रेलसाठी साधारण पाच दिवस. नानांना तो दिलेला नव्हता.

दाजींचं उदाहरण

दुसऱ्या दिवशी चौघे आले. नानींच्या आधी धाकटा बोलला, "डॉक्टर साहेब, आमच्या दाजींना स्प्रिंग टाकली, चौथ्या दिवशी पारावर गप्पा मारत होते. मग नानांना का नाही?"

हे दाजी म्हणजे नानांच्या मोठ्या बहिणीचे यजमान. दोन वर्षांपूर्वी पहाटे त्यांना हार्ट अटॅक आला. शुगर नाही. एका नळीत ताजी गुठळी अडकून ती ठप्प झाली होती, दोन तासांत नाशिकला पोचले, नळी उघडली, स्टेंट बसला, जीव वाचला. त्या पहाटे स्टेंटच योग्य होता. अटॅक चालू असताना हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो, तिथे सर्वांत लवकर नळी उघडणारा उपाय जिंकतो. स्टेंट विरुद्ध बायपास हा वाद तिथे नसतोच.

नानांचं तसं नव्हतं. त्यांना अटॅक चालू नव्हता. त्यांच्या नळ्या चौदा वर्षांत हळूहळू, ठिकठिकाणी अरुंद होत आल्या होत्या. नाव दोघांचं ‘ब्लॉकेज’च, पण आजार वेगळा. घरोघरी ही गल्लत होते आणि बहुतेक वेळा तीच निर्णय फिरवते.

सीडीत काय दिसलं

सीडी लॅपटॉपवर लावून चौघांना दाखवली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी मुख्य नळी, एलएडी, सुरुवातीलाच ८० टक्के अरुंद होती, आणि त्यापुढेही तिचा काठ कुरतडल्यासारखा खडबडीत दिसत होता. मागच्या बाजूच्या सर्कमफ्लेक्सच्या मोठ्या फांदीत ९० टक्के. उजवी नळी पूर्ण बंद, तिच्या टोकाला डाव्या बाजूकडून बारीक पर्यायी वाटांनी थोडंफार रक्त पोचत होतं. इकोमध्ये मागचा-खालचा भाग का सुस्त होता, ते इथे उलगडलं.

मोठ्या मुलाने विचारलं, "टक्के तर आम्हाला कळले. पण हा खडबडीतपणा म्हणजे काय?" या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

मधुमेहात नळीचा आजार एका जागी थांबत नाही, लांबवर पसरतो. नळ्या बारीक असतात, आतला थर चिडलेला असतो, गुठळी लवकर होते आणि स्टेंट टाकलेल्या जागी पुन्हा पेशी वाढून तो अरुंद होण्याचा धोका जास्त असतो. स्टेंट हा एका जागेचा उपाय आहे. जिथे ८० टक्के आहे तिथे तो उत्तम काम करतो. पण त्याच्या दोन सेंटिमीटर पुढे आज ३० टक्के असलेली गाठ सहा महिन्यांनी फुटली, तर स्टेंटचा काही उपयोग नाही. बायपासमध्ये नवी नळी अडथळ्यांच्या पलीकडे, नळीच्या खालच्या निरोगी भागाला जोडतात. त्यामुळे वरच्या सगळ्या टप्प्याला पर्याय मिळतो. आजच्या अडथळ्याला आणि त्याच टप्प्यात उद्या होऊ घातलेल्यालाही.

नाना इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे ठिबकचा चोकअप झालेला एक ड्रिपर मोकळा करायचा, की पुढून नवी लॅटरल, नवी नळीच, जोडून घ्यायची, असंच ना?"

अगदी असंच.

आणि ती नवी लाईन कोणती, यालाही महत्त्व आहे. छातीच्या हाडामागून आतल्या बाजूने एक धमनी जाते, डॉक्टर तिला ‘लिमा’ म्हणतात. हिच्यात चरबीचे थर फार क्वचित साचतात. ती एलएडीला जोडली, तर दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत उघडी सापडते. पायातून काढलेल्या शिरा एवढ्या टिकाऊ नसतात, दहा वर्षांत त्यांच्यातल्या बऱ्याच, जवळपास निम्म्यापर्यंत, बंद पडतात. बायपासचं आयुष्य बरंचसं या एका धमनीवर उभं आहे. १९६४ मध्ये लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी ही जोडणी केली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनाही ती फारशी पटली नव्हती, असं सांगतात.

आकडे

नानांच्या घरात आकड्यांचं वावडं नाही. औषधाचं प्रमाण, पाण्याचा ईसी (क्षारांचं माप), द्राक्षाची शुगर ब्रिक्समध्ये, सगळं तोंडपाठ. म्हणून आकडेच मांडले.

पहिला धडा स्टेंट येण्याच्या आधीचा आहे. झुरिचमध्ये ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. पुढे अमेरिकेत ‘बारी’ नावाच्या अभ्यासात फुगा आणि बायपास यांची समोरासमोर तुलना झाली. सगळे रुग्ण एकत्र धरले तर फरक नव्हता. उपचार घेणाऱ्या मधुमेहींचा गट वेगळा काढला, तेव्हा डॉक्टर हादरले. पाच वर्षांनी बायपास झालेल्यांपैकी ८०.६ टक्के जिवंत, फुगा झालेल्यांपैकी ६५.५ टक्के. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने डॉक्टरांना तसा इशाराच पाठवला. आणि हा फायदा लिमा वापरलेल्यांतच दिसला, फक्त पायाच्या शिरांवर झालेल्या बायपासमध्ये नाही.

मग औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि वाटलं, आता हिशोब बरोबरीला येईल. त्यासाठीच ‘फ्रीडम’ अभ्यास झाला. एकापेक्षा जास्त नळ्यांचा आजार असलेले १९०० मधुमेही, सरासरी वय ६३, त्यांतल्या दर दहात आठांहून अधिक जणांना तिन्ही नळ्यांचा आजार. नानांशी जुळणारा रुग्ण याहून जवळचा मिळणार नाही. २०१२ मध्ये निकाल आला. पाच वर्षांत मृत्यू: स्टेंट गटात १६.३ टक्के, बायपास गटात १०.९. हार्ट अटॅक: १३.९ विरुद्ध ६. पहिल्याच वर्षात पुन्हा प्रक्रिया करावी लागली ती स्टेंट गटात १२.६ टक्क्यांना, बायपासमध्ये ४.८ टक्क्यांना.

एक आकडा मात्र उलट्या दिशेने होता आणि तो लपवून चालत नाही. पक्षाघात, म्हणजे लकवा: स्टेंट गटात २.४ टक्के, बायपास गटात ५.२. त्यातले बरेच शस्त्रक्रियेच्या आसपासच्या दिवसांतले. नानींनी तेवढंच पकडलं. "लकवा होऊन पडून राहण्यापेक्षा..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी शंभर माणसांचा हिशोब कागदावर मांडला. नानांसारख्या शंभर जणांना बायपास केलं, तर स्टेंटच्या तुलनेत पाच वर्षांत साधारण पाच जण जास्त जगतात, सात-आठ जणांचा अटॅक टळतो, आणि दोन-तीन जणांना जादा पक्षाघात होतो. हा व्यवहार कोणाला कसा वाटेल, ते मी ठरवू शकत नाही. हात चालले नाहीत तर जगण्यात अर्थ नाही, असं मानणारा माणूस याच कागदावरून वेगळा निर्णय घेऊ शकतो आणि तो चूक ठरत नाही.

मृत्यूचे दोन आलेख सुरुवातीला एकमेकांना चिकटून जातात, सुमारे दोन वर्षांनी वेगळे व्हायला लागतात. चौथ्या दिवशी पारावर बसलेला माणूस पाहून निर्णय घेतला तर चूक होते, ती यामुळे. स्टेंट आपला फायदा पहिल्या आठवड्यात दाखवतो, बायपास तिसऱ्या वर्षापासून. ‘फ्रीडम’मधल्या काही रुग्णांना पुढेही तपासत राहिले, साडेसात वर्षांच्या आसपास मृत्यूचं प्रमाण २४.३ आणि १८.३ टक्के. अंतर टिकलं.

आक्षेपही रास्त आहे: ‘फ्रीडम’मधले स्टेंट पहिल्या पिढीचे होते, आजचे पातळ आणि चांगले आहेत. खरं आहे. २०२२ मध्ये ‘फेम ३’ आला, १५०० रुग्ण, तीन नळ्यांचा आजार, नवे स्टेंट, आणि कुठे खरंच दाब कमी होतोय हे तारेने मोजून टाकलेले. तरी वर्षभरात मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा प्रक्रिया असं काहीतरी घडलं ते स्टेंटमध्ये १०.६ टक्क्यांना, बायपासमध्ये ६.९ टक्क्यांना. पाच वर्षांचे आकडे २०२५ मध्ये आले, तेव्हा मृत्यू, पक्षाघात आणि अटॅक एकत्र धरून फरक बराच कमी झाला होता, १६ विरुद्ध १४ टक्के. म्हणजे स्टेंट सुधारलेत, यात वाद नाही. पण त्या अभ्यासातले बहुसंख्य रुग्ण मधुमेही नव्हते. मधुमेह, तीन नळ्या आणि एलएडीचा सुरुवातीचा भाग, या त्रिकुटावर अमेरिकेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही लिमासह बायपासलाच पहिली पसंती देतात. मीही अजून तिथेच आहे.

बायपास कोणाला नाही, हेही नानांना सांगितलं. एकाच नळीचा आजार आणि एलएडीची सुरुवात मोकळी असेल तर स्टेंट पुरतो. फुप्फुसं खराब, आधीचा मोठा पक्षाघात, खूप अशक्तपणा, कर्करोगासारखा आयुष्य आखडून टाकणारा आजार असेल तर छाती उघडणं महागात पडतं. काही मधुमेहींच्या नळ्या टोकापर्यंत इतक्या बारीक आणि कडक असतात, की नवी नळी जोडायला जागाच उरत नाही. तिथे सर्जनच नाही म्हणतो. नानांच्या एलएडीचा खालचा भाग चांगला होता.

थोरल्याने तिसरा पर्याय विचारला, फक्त गोळ्यांवर राहिलं तर? प्रश्न शहाणा होता. २००९ च्या ‘बारी २डी’ अभ्यासात २३६८ मधुमेही होते, आणि स्थिर आजारात गोळ्या विरुद्ध प्रक्रिया यांत एकूण मृत्यूचा फरक सापडला नाही. पण त्यातही ज्यांचा आजार बायपासइतका पसरलेला होता, त्यांच्यात बायपासने अटॅक कमी झाले. नानांचं पंपिंग आधीच उतरलं होतं. केवळ गोळ्यांची बाजू त्यांच्यासाठी कमकुवत होती. गोळ्या मात्र काहीही ठरलं तरी आयुष्यभर लागणार होत्या.

मधेच चुलतभावाने सलाईनमधून नळ्या साफ करणाऱ्या एका केंद्राचं पत्रक आणून दिलं. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवरच या चिलेशनची चाचणी झाली होती, २०२४ मध्ये निकाल लागला: उपयोग नाही. पत्रक परत दिलं.

छाटणी

आता खरी अडचण. ऑगस्टचा शेवट होता. गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळछाटणी, तोंडावर. छाटणी, पेस्टिंग, मग डावणी या बुरशीरोगाच्या फवारण्या, एक दिवस इकडचा तिकडे झाला की घड जातो. नाना म्हणाले, "स्टेंट टाका आत्ता. फेब्रुवारीत माल निघाला की बायपास करू." यात त्यांना विनोद वाटत नव्हता, मलाही वाटला नाही. कर्ज बँकेचं आहे, बाग त्यांच्या डोळ्यासमोर वाढलेली आहे, आणि छाटणीच्या दिवसांत बागायतदाराने तीन महिने घरी बसायचं म्हणजे काय, हे दिंडोरी-निफाडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

सर्जनकडे दोघे मुलगे आणि नाना गेले. सर्जनने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ‘आत्ता स्टेंट, नंतर बायपास’ यात दोन्हीचे तोटे मिळतात. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात, मधे बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि चालू ठेवल्या तर शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढतो. शिवाय एलएडीत लांबलचक स्टेंट बसला, तर लिमा जोडायची जागाच त्याखाली जाऊ शकते. दुसरं, फेब्रुवारीपर्यंत अशा नळ्या घेऊन ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवणं त्यांना मान्य नव्हतं. धोका किती, असं विचारल्यावर म्हणाले, शस्त्रक्रियेत जिवाला धोका शंभरात एक-दोन.

त्या रात्री घरात काय बोलणं झालं, ते मला नंतर धाकट्याकडून कळलं. त्याने नानांना सांगितलं, की तीन वर्षं तुमच्या मागे उभा राहून छाटणी बघतोय, एक वर्ष मला करू द्या, चुकलं तर माझ्या नावावर. नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोणत्या प्लॉटची छाटणी कधी, याचा कागद लिहून धाकट्याच्या हातात दिला. निर्णय त्या कागदावर झाला, माझ्या आकड्यांवर नाही. आकड्यांनी फक्त वाट मोकळी केली.

पैशाचा मुद्दा घरच्यांना वाटला होता तेवढा मोठा ठरला नाही. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधी स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला. पण नानांना एक नव्हे, तीन-चार स्टेंट लागले असते, आणि पूर्ण बंद नळी उघडायची तर जादा तारा, फुगे, कदाचित दुसरी फेरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही बसतं, पाच लाखांच्या संरक्षणात. शिधापत्रिका, आधार आणि सीडी घेऊन थोरला रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे गेला, पूर्वमंजुरी मिळाली. नातेवाइकांनी हे आधी विचारलं पाहिजे. अ‍ॅडमिशन झाल्यावर धावाधाव सुरू होते आणि मग घाईत ‘परवडेल ते करा’ असं होतं.

शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

तयारीत शुगरचा भाग सर्वांत मोठा. गोळ्या कमी करून इन्सुलिन सुरू केलं. डापाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी बंद. ही गोळी चालू राहिली तर उपाशीपोटी, शुगर फार वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साचू शकतं. मॉनिटरवर साखर ठीक दिसते म्हणून ते नजरेतून सुटतं. ही गोळी आता गल्लोगल्ली लिहिली जाते, म्हणून मुद्दाम सांगतो: कोणतीही मोठी शस्त्रक्रिया ठरली की सर्जन आणि भूलतज्ज्ञांना तिचं नाव सांगा. मानेच्या नळ्यांचा डॉप्लर काढला, पक्षाघाताच्या भीतीपोटी. तो चांगला आला, नानींचा चेहरा उजळला. तंबाखूची पुडी थोरल्याने स्वतः काढून घेतली.

शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर झाली, हार्ट-लंग मशीन न वापरता. लिमा एलएडीला, पायाच्या शिरा बाकी दोन नळ्यांना. आयसीयूत इन्सुलिनचं ड्रिप, साखर १८०च्या आत. दुसऱ्या दिवशी नाडी अनियमित झाली, घरच्यांचं धाबं दणाणलं. बायपासनंतर हे बऱ्याच जणांत होतं, औषधाने दोन दिवसांत लय परत आली. आठव्या दिवशी घरी.

छातीची जखम नीट भरून आली. त्रास दिला पायाने. घोट्याच्या वरच्या जखमेला टाके काढल्यावर पाणी सुटू लागलं, कडा काळपट झाल्या. मधुमेहात ही जागा हमखास रडवते: रक्तपुरवठा कमी, सूज, आणि पाय खाली लोंबकळत ठेवून खाटेवर बसण्याची सवय. गावातल्या उपकेंद्रातली सिस्टर रोज येऊन ड्रेसिंग करायची. जखम भरायला पाच-सहा आठवडे गेले. त्या काळात नाना चिडचिडे झाले, एकदा कारण नसताना रडले. नानी घाबरल्या. बायपासनंतर असं मन खचणं पुष्कळांत दिसतं, पण डिस्चार्ज कार्डवर ते कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं माणूस बदलला. मी नानांना रोज सकाळी ठरलेल्या अंतरावर चालायला लावलं आणि शक्यतो बागेच्या दिशेने. ट्रॅक्टर आणि मोटरसायकल तीन महिने बंद, कारण छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी ते जुळायला वेळ घेतं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. ही उशी गावात बरेच दिवस चेष्टेचा विषय होती.

धाकट्याची छाटणी पार पडली. एका प्लॉटवर डावणी आली, माल कमी निघाला. नानांनी त्यावर काय म्हटलं, ते छापण्यासारखं नाही.

दहाव्या महिन्यातल्या तपासणीत पंपिंग ५० टक्के, एचबीए१सी ७.२, वरच्या प्लॉटपर्यंत न थांबता चाल. पण वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, सहाव्या महिन्यात ५८ होतं ते १२१ झालेलं. अशा रुग्णात ते ५५च्या खाली असावं. विचारल्यावर कळलं, स्टॅटिनने किडनी खराब होते असा एक मेसेज फिरत आला आणि नानांनी गोळी बंद केली. "आता नवी लाईन टाकली ना, मग गोळी कशाला?" त्यांच्याच ड्रिपरच्या हिशोबात त्यांना उत्तर देता आलं असतं, पण मी सरळ बोललो. लिमा टिकेल. पायाच्या दोन शिरांना मात्र आतून तोच आजार होतो, जो मूळ नळ्यांना झाला होता, आणि त्यांचं आयुष्य या गोळीवर, साखरेवर आणि तंबाखू लांब राहण्यावर आहे. रोसुव्हास्टॅटिन २० सुरू केली, सोबत एझेटिमाइब. एलडीएल सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आहे, ती तारीख नानींच्या फोनमध्ये टाकून दिली आहे. थोरल्याचीही उपाशीपोटी साखर काढायला सांगितली होती, ती ११८ आली. त्याची पुढची तपासणी त्याच दिवशी ठेवली आहे.